अण्णांची लिंबं

राजाजीनगरात डोशाच्या रांगेत माझ्यापुढे एक अक्का आणि तिचा शेजारी होता.

"अक्का, मागच्या गल्लीतल्या अण्णांकडे ती सुसाट पळणारी इलेक्ट्रिक मसल कार आली म्हणे?"

"सुनेनं आणली. अण्णा म्हणाले, आवाज नाही ती गाडीच नव्हे, मी बसणार नाही."

"आणि?"

"पूजेपुरते बसले रे. चाकांखाली लिंबं, भटजींच्या हातात आरती. अण्णांनी आपल्या जुन्या गाडीसारखी जागच्या जागी गुरगुरवायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला!"

"अय्यो! ती गुरगुरत नाही, सुटते!"

"सुटलीच! लिंबांचा चेंदा, गाडी गल्लीबाहेर, भटजी रिकाम्या जागेला ओवाळतायत."

"घाबरून लगेच परतले असतील."

"परतले ना, दुपारी. पार विमानतळापलीकडच्या देवनहळ्ळीहून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, पूजा अर्धी राहिली, लिंबं पुन्हा ठेवा."