फाटकावरचं मेंढरू

(हर्सूल. दुष्काळाचं साल. टँकर यायच्या आधीची सकाळ.)

बानाबाई : चुना कशाला कालवायलास रे आदिनाथ? दिवाळी आली का?

आदिनाथ : माय, तू घरात जा. फाटकाकडं बघू नको.

बानाबाई : बघून झालं. कोळशानं मेंढरू काढलंय. मेंढरू म्हणावं का घूस, काढणाऱ्यालाच ठावं!

अक्षदा : हसू नको आज्जी. पप्पांना चिडवायला काढलंय. देवळाचे अध्यक्ष झाले, म्हणून टँकरचे नंबरही तेच लावायला लागले, अन् काल तात्यासाहेबांचे ड्रम मागं सरकवले.

आदिनाथ : तर म्हणले, मेंढरं हाकणारा आता आम्हाला हाकणार का? सगळी रांग हसली, माय. आजच सोडतो हे अध्यक्षपद.

अक्षदा : म्हणजे पुन्हा आधी तात्यासाहेबांचा हौद भरणार, अन् साळूबाई रिकामा हंडा घेऊन घरी. वा पप्पा!

आदिनाथ : तुला काय जातंय बोलायला?

अक्षदा : ऐका तर. आमच्या अभ्यासात एक विलिगिस आहे, जर्मनीतला. हजार वर्षं झाली. गाडीची चाकं करणाऱ्याचा पोरगा, म्हणतात. मोठा धर्मगुरू झाला, वर बादशहाचा वजीर. पुढं गादीवर लेकरू आलं, तेव्हा राज्य सांभाळायला हाही पुढं.

बानाबाई : देऊळ बी आन् दरबार बी?

अक्षदा : दोन्ही. मोठ्या घरच्यांना ते सललं. त्यांनी त्याच्या भिंतीवर चाकं काढून ठेवली.

आदिनाथ : पुसली आसतील त्यानं.

अक्षदा : छे! रंगवून घेतली. चाक हेच आपलं निशाण केलं, अशी गोष्ट सांगतात. त्याच्या शहराच्या निशाणावर आजही चाक आहे. त्यानं बांधलेलं मोठं चर्च उघडायच्या दिवशीच जळालं. म्हातारा झालेला, तरी पुन्हा बांधायला लागला.

आदिनाथ : वजीर व्हता तो. त्याच्यामागं फौज. माझ्यामागं कोण हाय?

बानाबाई : मी काय मेले का? अक्षदा, कोनाड्यातला गेरू भिजवून आण गं.

अक्षदा : गेरू? तो कशाला?

बानाबाई : रानात कळप मिसळतात, म्हून ज्यानं त्यानं मेंढराच्या पाठीवर आपली खूण करायची. आपल्या घराचे दोन आडवे पट्टे. ह्या बिचाऱ्याला खूणच नाय. बेवारशी उभं हाय दारात.

आदिनाथ : माय, टँकर आला. लोक बघायलेत!

बानाबाई : बघू दे. मेंढरांवरच तुझ्या बापानं तुला शिकवलं. लाज वाटायली का त्यांची?

आदिनाथ : नाय.

बानाबाई : मग बुडव बोटं. ओढ.

अक्षदा : पप्पा, तात्यासाहेब आलेत. विचारतायत, हे काय चाललंय.

आदिनाथ : सांग, आमचं मेंढरू हाय, खूण करायलोय. आन् म्हणावं, साळूबाईच्या मागं उभं ऱ्हा.