रेन्जीच्या तीन छत्र्या

...नाही, पण तुम्हीच सांगा, एकच सीडी माणूस तीनदा कशाला विकत घेईल? एक ऐकायला, दुसरी पहिली बिघडली तर, इथपर्यंत मी समजू शकतो, पण तिसरी? तर आमची फुसाए, म्हणजे माझी बायको, शांतपणे म्हणते, "अहो, तीन कव्हरं आहेत. एकावर रेन्जीनं छत्री उघडलीय, एकावर मिटलीय, एकावर छत्रीच नाही." आणि गाणं? गाणं तेच.

हा रेन्जी म्हणजे कुरोबाने रेन्जी, एन्का गाणारा, म्हणजे आमची जुन्या वळणाची विरहाची गाणी. बंदर, बोट, बोटीनं निघून गेलेली बाई, आणि हा धक्क्यावर. वय तिशीच्या आत आणि गळ्यात दुःख माझ्या वडिलांच्या वयाचं, कुठून आणतो कोण जाणे. इथे सेन्दाइच्या पेठेत, रेकॉर्डच्या दुकानासमोर, बिअरच्या उलट्या खोक्यावर उभा राहून गात होता. आमची ही मुळा आणायला गेलेली, ती मुळा विसरून याला घेऊन आली. म्हणजे त्याच्या सीड्या हो. मला जन्मात कधी "दमलात का" विचारलं नाही, पण याचा घसा बसला की हिला घास उतरत नाही.

त्यात त्याच्या रेकॉर्ड कंपनीनं त्याला बजावलं, हे गाणं आठवड्याच्या यादीत पहिल्या दहात आलं नाही तर जा आपला गावी, बापाच्या होडीवर. ही बातमी आणली त्सुकुमोबाईंनी. त्या चाहत्यांच्या मंडळाच्या अध्यक्षा, पूर्वी मुख्याध्यापिका होत्या आणि अजून आहेत असंच बोलतात. "वासाबुरोसान, यादी विक्रीवर ठरते. विक्री म्हणजे आपण."

म्हटलं, "बाई, माझ्याकडे सीडी वाजवायचं यंत्र एकच आहे."

"कान दोन आहेत ना?"

संपला विषय. लागलो रांगेत. एका सीडीमागे रेन्जीशी एकदा हात मिळवायचा असा नियम, पुढे बायका, मागे बायका, मधे मी टोपी ओढून, आणि मनात म्हणतोय, आज या पोराला सुनावतोच, बाबा रे, तुझ्या छत्र्यांपायी आमच्या कपाटात माझा सदरा मावत नाही, आणि गाणं? गाणं तेच! तेवढ्यात माझ्यापुढची फुसाए "हे आमचे" म्हणून सरकली, आणि आलाच माझा नंबर. त्यानं दोन्ही हातांत माझा हात घेतला, गार पडलेले हात हो, आणि म्हणाला, "काका, गुडघा कसा आहे? काकू म्हणाल्या, जिना चढताना दुखतो, पण तुम्ही कुणाला सांगत नाही."

आता... म्हणजे हिला ठाऊक होतं. जिन्यात मी मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघायचो, तर हिला ठाऊक होतं, मी काय बघतोय ते! बोलली मात्र याच्यापाशी.

सुनावलं का? कुठलं. म्हणालो, "जेवत जा रे वेळेवर." आणि आणखी एक सीडी घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो.

यादी लागली. अकरावा. वरचे सगळे नाचणाऱ्या पोरांचे नाहीतर पोरींचे ताफे. फुसाएनं तांदूळ धुतले, परत धुतले, परत धुवायला घेतले तेव्हा मीच भांडं काढून घेतलं आणि म्हटलं, "होडीवर गेला तर जाऊ आपण भेटायला. मासे घेऊ." तर हसली, आणि मग रडली.

पण कंपनीचं बघा, एन्काच्या वेगळ्या यादीत हा पहिला आलेला. त्सुकुमोबाईंचा फोन आला, "रेन्जीला आणखी एक संधी दिलीय!" आमच्या घरी सणासारखं झालं, लाल भात झाला, मीही दोनदा वाढून घेतला. जेवताना ही म्हणते, "अहो, नवं गाणं येतंय. या खेपेला कव्हरं पाच."

जेवण झाल्यावर उठलो, आणि कपाटातला माझा उरलेला एक कप्पा होता, तोही मोकळा केला.