पणजोबांच्या मागे

जपानमधल्या त्सुकुबा स्टेशनवर विद्यापीठाच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे मराठी बाप-लेक उभे होते.

"सुचित्रा, इंग्रजांनी युगांडात रेल्वे बांधली ती तिथल्या लोकांसाठी नव्हतीच, असं तू आज सगळ्यांसमोर सांगणार?"

"हो बाबा. कापूस बंदरावर न्यायला बांधली. तीन वर्षं तेच तर शोधतेय."

"अगं, माझे आजोबा तिथे स्टेशनमास्तर होते!"

"म्हणून तर हा विषय घेतला ना."

"एकोणीसशे अठ्ठावीसचा फोटो आहे. केवढं गजबजलेलं स्टेशन! तुझ्या घरात लावायला पुण्याहून टॉवेलात गुंडाळून आणलाय. हा बघ."

"मी लहानपणापासून बघतेय. आता तुम्ही बघा. पणजोबांच्या मागे काय आहे?"

"गाठी. कापसाच्या."

"आणि माणसं?"

"हमाल आहेत की दोघं."

"उतारू?"

"थांब, चष्मा लावतो... एकही नाही गं. बसायला बाकडंसुद्धा नाही. दर वर्षी मीच हार घालतो याला, आणि माझं लक्ष कायम त्यांच्या टोपीकडे."

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं. बस आली बघ. हा धर."

"आत्ता कशाला?"

"सगळ्यांना आधी हाच दाखव. त्यांचं पूर्ण नाव सांग. आणि टोपीवर बोट ठेवू नकोस, नीट दिसू दे."