केटल कोणी लावली

नाव : सुप्रभा मिलिंद चौबळ. वय : ५६. व्यवसाय : माध्यमिक शाळेत इतिहासाची शिक्षिका. राहणार : हाउन्सलो, लंडन. जबाब स्वतःच्या आग्रहाने मराठीतून, दुभाषी वरदा यांच्यासमक्ष.

हाउन्सलोच्या पोलिसांनो, या भागात ज्यांच्या दारातून गाडी चोरीला गेली त्या सगळ्यांची तक्रार एकच आहे. गाडी जाते, हातात तक्रारीचा क्राइम नंबर पडतो आणि तपासाला कोणी येत नाही. मी स्वतः हजर राहून सांगते की, असा नंबर मलाही मिळाला आहे. पण आज मी गाडीसाठी आलेले नाही.

गाडी १९९६ची निसान स्कायलाइन, निळी. माझे पती मिलिंद यांनी ती हौसेने घेतली, हौसेने सांभाळली. दसऱ्याला आम्ही तिची पूजा केली. बॉनेटवर झेंडूचा हार, नारळ आणि ताम्हनात कुंकू लावलेली गाडीची चावी. घराच्या दाराची चावी त्याच रिंगमध्ये होती. मिलिंदनी फोटो काढून जुन्या जपानी गाड्यांच्या ग्रुपवर टाकला.

फोटोखाली एकाने, आपण टेक्सासचे आहोत असं सांगून, लिहिलं की सोळाव्या वर्षी ही गाडी त्याने फक्त व्हिडिओ गेममध्ये चालवली. त्याच्या देशात अशी गाडी पंचवीस वर्षांची होईपर्यंत आणता येत नव्हती, आता येते. पुढे त्याने मूळचं स्टिअरिंग व्हील आहे का, ते विचारलं. तिकडच्या शौकिनांना गाडी कारखान्यातून निघाली तशी लागते. मिलिंदनी आनंदाने कळवलं, ‘गाडीला दुसरं बसवलंय, मूळचं जिन्याखालच्या कपाटात जपून ठेवलंय.’

मी म्हटलं, “अहो, उद्या बायकोचं वय विचारलं तर तेही सांगाल.”

“तेही मूळचंच आहे की,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात गाडी गेली. ड्राइव्हवेवर काच फुटलेली नव्हती. ट्रकवर चढवून नेली असावी, असं आम्हाला वाटलं.

काल दुपारी मी वरच्या खोलीत वह्या तपासत होते. खाली चावीने दार उघडलं. मी विचारलं, “अहो, आलात का?”

“हं.”

“मग केटल लावा. माझाही चहा.”

जिन्याखालच्या कपाटाचं दार कुरकुरलं. थोड्या वेळाने बाहेरचं दार लागलं. दूध आणायला गेले असतील, असं मी समजले. दार पुन्हा उघडलं तेव्हा मिलिंद खालून ओरडले, “काय गं, केटलमधून वाफ येतेय आणि तू वर काय करतेस?”

ते कामावरून तेव्हाच आले होते. कपाटात स्टिअरिंग व्हील नव्हतं. बाकी काहीही गेलेलं नाही.

असल्या स्पष्ट फोटोवरून चावी घडवता येते, असं तुमच्या कॉन्स्टेबलनी आम्हाला फोनवर सांगितलं. मिलिंद म्हणाले, “कुंकू तू लावलंस, फोटो मी काढला. दोघंही शिकलेले.” कुलूप कालच बदललं आहे.

सोळाव्या वर्षी जे मिळालं नाही ते चाळिशीत मागणं हा गुन्हा नाही. दूरच्या माणसाच्या हौसेवर माझा राग नाही. त्या हौसेचा माल आमच्या घरातून उचलला जातो, राग त्याचा आहे. तो लिहिणारा खरंच टेक्सासचा होता की पलीकडच्या गल्लीतला, मला माहीत नाही. मी त्याच्याशी मराठीत बोलले; पण केटल हा शब्द कोणालाही कळतो, असं मी कालपासून स्वतःला सांगते आहे.

मिलिंद आता दारातूनच “मी, मिलिंद” असं म्हणतात. त्यांच्या ‘हं’वर मी आजवर कधी शंका घेतली नव्हती.

वरदा यांनी हे सगळं मला वाचून दाखवलं. ‘साक्षीदार घाबरलेली आहे’ हे वाक्य त्यांनी घातलं होतं. ते मी खोडायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे.

केटलला कालपासून आम्ही दोघांनीही हात लावलेला नाही. चहा पातेल्यात करतो. आज संध्याकाळच्या आत तिच्या मुठीवरचे ठसे घ्यायला माणूस पाठवा.