बदक बसमध्येच राहू द्या

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान आगार व्यवस्थापक साहेब, भांडार अधिकारी साहेब, प्रसिद्धी विभागाच्या मॅडम, आजचे सत्कारमूर्ती आमचे मास्तर, आणि समोर बसलेले चालक, वाहक, फिटर, रंगारी, धुलाईवाले, माझे सगळे सहकारी बंधुभगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

मी सीट विभागात मास्तरांच्या शेजारच्या शिलाई मशीनवर बसतो. मला बोलायची सवय नाही, म्हणून रीतसर लिहून आणलं होतं. ते आता खिशातच ठेवतो. त्यात मास्तरांना मी 'मनमिळाऊ' म्हटलं आहे, आणि मास्तर मनमिळाऊ कधीच नव्हते हे या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. हसा, हरकत नाही. मास्तर स्वतः हसत नाहीयेत, ते का, तेच मला सांगायचं आहे.

आताच मास्तरांना काचेच्या चौकटीत बसवलेलं एक बदक भेट म्हणून देण्यात आलं. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या बदकाबद्दल मी बोलणार आहे.

माझ्या मागे फलक आहे, 'अडचण हीच प्रेरणा'. वक्त्यांनी याच विषयाला धरून बोलावं, असं मॅडमनी कळवलं होतं. धरूनच बोलतो.

बसची सीट बहुधा एकाच जागी फाटते. उतरणारा माणूस ज्या कडेवर हात रोवून उठतो, तिथे. पूर्वी तिथे फाटलं की आम्ही अख्खं कव्हर बदलायचो. मग एका वर्षी भांडारातून रेक्झिन यायचं बंद झालं. मास्तर स्वतः विचारायला गेले. भांडार अधिकारी तेव्हाही हेच साहेब होते, साक्षीला बसलेच आहेत. साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा, जरा डोकं चालवा. त्यावर मास्तर म्हणाले, "डोकं चालवतो साहेब, पण प्रवाशांना बसवू कशावर, डोक्यावर?" हे वाक्य आगारात अजून चालतं. रेक्झिन मात्र आलं नाही.

त्याच वर्षी काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, अंथरुणाला खिळल्या. कमरेखालचं सगळं गेलं. मास्तर सकाळी त्यांचं सगळं आवरून कामावर यायचे आणि दिवसभर जुन्या कव्हरांचे तुकडे एकमेकांना जोडायचे. निळ्याला हिरवं, हिरव्याला मळकं पांढरं. चिडून जोडायचे. मशीन अशी दामटायचे की सुई तुटायची, मग सुईलाही शिव्या. ज्यांना ही प्रेरणा वाटते त्यांनी तेव्हा शेजारी येऊन बसायला हवं होतं.

घरी गेल्यावर काकू विचारायच्या, आज काय केलंत. हे म्हणायचे, ठिगळं. रोज तेच उत्तर. एकदा काकू म्हणाल्या, समोरच्या भिंतीला ओल आली आहे, ती बदकासारखी दिसते, मान मागे वळवून बघणाऱ्या. मास्तर म्हणाले, मला बदकबिदक दिसत नाही, मला गळका पाइप दिसतो. काकू म्हणाल्या, "तुम्ही उभे आहात ना, म्हणून. इथे माझ्या उशीवर डोकं टेका, मग बघा."

मास्तरांनी डोकं टेकलं. बदक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मळक्या पांढऱ्या तुकड्यातून ते बदक कापलं आणि दारालगतच्या सीटवर शिवलं. मान अशी वळवून घेतली की कापड नेमकं झिजेच्या जागी दुहेरी आलं. लोकांना दिसलं चित्र, सीटला मिळाली मजबुती. मी शेजारून बघत होतो. त्या दिवशी एकही सुई तुटली नाही.

मग मास्तरांना सगळीकडे काहीतरी दिसायला लागलं. धुलाईच्या फरशीवर सांडलेलं ऑइल, गॅरेजच्या दारातून तिरपं येणारं ऊन, ड्युटी संपल्यावर बाकावर डुलकी घेणारे एक वाहक. ती डुलकी मागच्या लांब सीटवर पोटासकट आलेली आहे. पोटाचे मालक समोरच बसले आहेत, नाव घेत नाही.

पण बदक वेगळं होतं. मास्तर काकूंना म्हणाले होते की ते घरी आणतो, तुझ्यासमोर लावतो. काकूंनी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी आहेच की इथे पडलेली. ते तरी फिरू दे."

तेव्हापासून संध्याकाळी काकूंचा प्रश्न बदलला. आज आपलं बदक कुठे गेलं होतं? आणि मास्तर घरी निघण्याआधी त्या गाडीच्या चालकाला गाठायचे. चालकसुद्धा काय एकेक. एक म्हणायचे, मास्तर, बदक आज बाजारात गेलं, माशांची टोपली घेतलेल्या बाई शेजारी होत्या, बिचारं जीव मुठीत धरून होतं. दुसरे म्हणायचे, आज बदकावर नवरी बसली. खरं किती, खोटं किती, काकूंनी कधी विचारलं नाही. रस्त्यावरची सगळी खबर त्यांच्या खोलीत बदकाच्या वाटेने यायची.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. मॅडम आल्या, फोटो निघाले, आगाराला बक्षीस मिळालं, ढाल व्यवस्थापक साहेबांच्या केबिनमध्ये लागली. मी स्वतः टाळ्या वाजवल्या. मला भाबडेपणाने वाटलं की आता रेक्झिन येईल. आमच्या मागणीवर शेरा आला की तुकड्यांतून काम उत्तम होत आहे, नव्या मालाची गरज दिसत नाही. पाठोपाठ फोमही बंद झाला. आज आमच्या चित्रांखाली प्रवाशांना लाकडी फळी लागते. चालक कंबरेला पट्टा बांधून गाडी चालवतात. फोटोत फळी दिसत नाही.

अडचण हीच प्रेरणा असेल, तर साहेब, ती सगळी आमच्याच विभागात का पाठवता? थोडी आपल्या केबिनमध्ये का ठेवून घेत नाही? मास्तरांना प्रेरणा उशीवर डोकं टेकल्यावर मिळाली. भिंत ओली होती म्हणून बदक दिसलं, हे खरं आहे. पण म्हणून कुणी गळक्या पाइपाचा सत्कार करत नाही.

आवाज चढला, माफ करा. आता आजचं सांगतो.

आज सकाळपर्यंत बदक त्याच्या सीटवर होतं. गाडी धुवायला आली तेव्हा कुणीतरी ते ब्लेडने कापून काढलं. मास्तरांना चकित करायचं होतं म्हणे. सीटचं कव्हर कापायचं नसतं. सीट उलटी करायची, खालचे खिळे काढायचे, कव्हर अलगद सुटतं. कव्हराला चहूबाजूंनी दुमड असते, ती फळीखाली ओढून ठोकतात. त्या दुमडीवर सगळी सीट उभी असते. ब्लेड नेमकं तिथून फिरलं आहे.

भेट हातात आल्यावर मास्तर काचेला नाक लावून बघत राहिले, तेव्हा सूत्रसंचालक म्हणाले की मास्तरांचा कंठ दाटून आला. मास्तर दुमड शोधत होते. टाळ्या चालू असताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. दुमड गेली आहे.

मॅडम म्हणाल्या की चौकट काकूंच्या पलंगासमोर लावता येईल. मॅडम, आपला हेतू चांगला असेल. पण काकूंना भिंतीचा तोटा नाही. आज मास्तर घरी गेले की त्या विचारतील, बदक कुठे गेलं होतं. मास्तरांनी काय सांगावं? माझ्या काखेत आहे, आणि आता कुठेच जाणार नाही?

माझी विनंती एवढीच आहे. ही चौकट इथेच उघडावी. गाडी संध्याकाळच्या फेरीला निघण्याआधी बदक सीटवर परत लागू शकतं. कापलेल्या कडांना नव्या रेक्झिनची पट्टी जोडली की दुमड पुन्हा तयार होते.

मास्तर विचारत आहेत, पट्टी किती रुंद. चार बोटं पुरतील, मास्तर. तुम्ही बसा, शिवतो मी.

भांडार अधिकारी साहेब मान हलवत आहेत, म्हणजे माल नाही. बरोबर आहे, भांडारात नाही. पण या समारंभासाठी व्यासपीठावरच्या खुर्च्यांना नवं रेक्झिन लागलं आहे. ते गेल्या आठवड्यात आलं आणि मास्तरांनी व मी मिळून लावलं. खाली फोमसुद्धा आहे, बसणाऱ्यांना जाणवत असेल. प्रत्येक पाठीच्या मागच्या बाजूला भरपूर कापड आत दुमडलेलं आहे. ते उसवून घेतलं तरी खुर्चीचं काही बिघडत नाही.

मला बोलू दिल्याबद्दल संयोजकांचे आभार. इतक्या संध्याकाळी बदकाची खबर पुरवणाऱ्या चालकांचे मास्तरांच्या वतीने आभार. मास्तरांनी मला त्यांच्या शेजारी बसू दिलं, त्याबद्दल इथे बोललो तर ते रागावतील, म्हणून थांबतो. माझ्या शब्दांत काही उणंअधिक झालं असेल तर लहान समजून पदरात घ्यावं. सीटला ब्लेड लावल्याची माफी माझी नाही, ती ज्यांची आहे त्यांनी मागावी.

कात्री माझ्या खिशात आहे. अध्यक्षमहोदय, आपण कृपया उभे राहता का?