वीणा फुटली, आप्पा हलले नाहीत

रुद्रवीणेवरून बेळगावात झालेली बोंबाबोंब तुम्ही ऐकलीच असेल, पण आप्पांचं वागणं मी जवळून पाहिलंय.

जुन्या दरबारातली ती वीणा खडेबाजारातल्या एका ट्रस्टकडे होती आणि आप्पा ट्रस्टचे अध्यक्ष. मी एकदा तिच्या पेटीच्या काचेला बोट लावलं, तर माझ्याच रुमालाने काच पुसून घेणारा हा माणूस! त्यांनी ती एका पॉप गायकाला कार्यक्रमात वाजवायला दिली. निषेध झाले, मीही सणसणीत लेख हाणले. आप्पांचं एकच उत्तर, "पोरास्नी ऐकू दे की रं."

कार्यक्रमाला मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. दुसऱ्याच गाण्याला गायकाने वीणा गळ्यात अडकवून उडी मारली. पट्टा तुटला, वीणा आपटली आणि तिचा एक भोपळा फुटला. लोक किंचाळत उठले. आप्पा मात्र बसूनच राहिले.

"आप्पा, वीणा फुटली!"

"लई वरडू नगं. पोरगं हाय, हुतंय."

मला तिथंच शंका आली. "ही ती वीणा न्हवंच. खरी कुठं हाय?"

आप्पांनी आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. असल्या माकडाच्या हातात खरी देईन व्हय? ही नक्कल. खरी माझ्या घरात हाय, कपाटात."

"मग चला, आत्ताच बघू."

"आत्ता? गाणं अर्ध्यात टाकून कसं उठायचं रं?"

स्टेज रिकामं होतं. गायक केव्हाच पळून गेला होता.