मयताच्या बियरचं पाणी

ओडलाउग : पुन्हा दार सताड उघडं टाकून गेला! लहानपणापासून कानीकपाळी ओरडतेय, चूलघरात पाणी तापत असलं की दार ओढून घ्यावं. ऐकेल तर शपथ. आणि उंबऱ्यावर बघ, सूनबाई. बुटांचा चिखल… चिखल कसला, नुसतं पाणी.

इडुन : वारा असेल, आई.

ओडलाउग : वारा बूट घालून येत नाही.

इडुन : तुम्ही असं बोलू नका ना.

ओडलाउग : माझ्या मुलाला मी नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

इडुन : आर्नफिन ऑक्टोबरात खाडीत बुडाला, आई. रविवारी चर्चमागे त्याच्या नावाचा दगड उभा राहतोय. तिथून सगळं गाव मयताची बियर प्यायला आपल्याकडे येणार. आज लावली तरच तोवर पिण्याजोगी होईल.

ओडलाउग : बुडाला म्हणे! होडी सापडली. मुलगा सापडला का? दगडाखाली काय पुरणार आहात, त्याची टोपी?

इडुन : म्हणून तर बियर नीट व्हायला हवी. आता त्याच्यासाठी करण्यासारखं दुसरं काय उरलंय?

ओडलाउग : कर की. मी कुठे तुझा हात धरलाय? पण बियर आंबायला विरजण घालताना त्याचं नाव मी घेणार नाही, सांगून ठेवते.

इडुन : मग कोण घेणार?

ओडलाउग : कुणीच नाही. लग्नाची बियर असली तर विरजण घालताना कुणीही आरोळी ठोकावी. मयताच्या बियरला मात्र आमच्या घरात थोरलं माणूस उभं राहतं, मेलेल्याला हाक मारतं आणि सांगतं, बाबा रे, तू मेलायस. त्याशिवाय ती मयताची बियर होत नाही. थोरली मी. आणि मी सांगणार नाही. सांगितलं की तो यायचा बंद होईल.

इडुन : मला तेच हवंय.

ओडलाउग : काय म्हणालीस?

इडुन : तुमच्याकडे तो दार उघडून येतो. माझ्याकडे येऊन पलंगाच्या कडेला बसतो. सकाळी गादी ओली असते. जिभेला लावून पाहिलं मी, खारट लागतं. तुम्हाला तो आला की बरं वाटतं. मला नाही वाटत. गारठलेला असतो हो तो. दात वाजतात त्याचे. मी डोळे घट्ट मिटून पडून राहते.

ओडलाउग : नवऱ्याच्या अंगावर पांघरूण घालायचं सुचलं नाही तुला?

इडुन : घातलं. तेही सकाळी ओलं.

ओडलाउग : …बरं. बियरची लापशी बघ तुझी. कधीची भिजतेय ती.

इडुन : बघते. काडीवरचा आकडा जरा स्थिर होऊ दे… पाच पॉइंट आठ. पीएच चढाच आहे, आंबटपणा कमी पडतोय.

ओडलाउग : जवाच्या लापशीला ताप आल्यासारखी काडी लावते बाई! माझ्या सासूनं जन्मभर कोपर बुडवून बियर केली. कुणाचं पोट दुखलं नाही.

इडुन : कोपराला ऊन-गार कळतं, आई. आंबटपणा नाही कळत. आपल्या ओढ्याचं पाणी नुसतं पाणी आहे. असल्या टणक खडकावरून येतं, तो खडक त्याला काही म्हणजे काही देत नाही. ना चुना, ना क्षार. मोडाच्या जवाचं माल्ट गडद भाजलेलं असलं तर निभतं, ते जात्याच आंबट. हे फिकट आहे. असंच राहिलं तर गोडवा पुरता सुटणार नाही आणि बियर घशाला तुरट लागेल. आर्नफिन कॅल्शियमचे क्षार घालायचा आणि पाच पॉइंट तीनला आणून सोडायचा.

ओडलाउग : हो, हो, पाच पॉइंट तीन! देवाचं नाव घ्यावं तसं घ्यायचा. मग घाल की चमचाभर. वाट कसली बघतेस?

इडुन : क्षारांचा डबा कुठंय?

ओडलाउग : फळीवर असेल, कुठे… नाही. त्याच्या कोटाच्या खिशात.

इडुन : हो. पैलतीरच्या शेजाऱ्याची, हालवार्डची, लापशी आंबट होईना, म्हणून तो डबा घेऊन निघाला होता. बर्गन शहरातून दुसरा मागवलाय मी. अजून आलेला नाही.

ओडलाउग : तुझ्या या काडीनं नेला माझा मुलगा. तूच आणलीस ती या घरात, लग्नाची भेट म्हणून. कोपर बुडवणारा माणूस असल्या वाऱ्यात होडी काढत नाही.

इडुन : ठाऊक आहे मला. रोज स्वतःला सांगते मी ते, तुम्ही नसतं सांगितलं तरी चाललं असतं. जाऊ दे. लाकडं संपत आलीत, घेऊन येते.

ओडलाउग : जा. आणि दार ओढून घे… नाकाला मिरची झोंबली हिच्या. खरं बोललं की झोंबतंच… आलीस? इतक्यात? अगं दार! सगळी वाफ चालली बाहेर. तुम्हा दोघांना एकच खोड… ढवळतेस होय? ढवळ. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या गाळणी म्हणून तळाला आहेत, त्यांना धक्का लावू नकोस, गाळताना अडकेल सगळं. मला काही वळून बघता येत नाही, गुडघा धरलाय मेला… बोल की काहीतरी. तोंड शिवलंय का? एवढं काय बोलले मी तुला?

इडुन : कुणाशी बोलताय, आई?

ओडलाउग : तुझ्याशी, आणखी कुणाशी… तू दारात कशी?

इडुन : मी आत्ता येतेय. हे काय, लाकडं हातातच आहेत अजून.

ओडलाउग : मग ढवळत कोण होतं?

इडुन : तुम्ही उठला होतात? काही घातलंत का यात? आंबट दूध वगैरे?

ओडलाउग : या खुर्चीतून उठले असेन तर पाय मोडो माझा. लापशीचं पीप बघ.

इडुन : फेस… फेस अजून गोल फिरतोय.

ओडलाउग : काडी बुडव.

इडुन : नको, आई.

ओडलाउग : बुडव म्हणतेय ना!

इडुन : पाच पॉइंट… पाच पॉइंट तीन.

ओडलाउग : डाव दे इकडे. लापशी घाल त्यात थोडी. हं.

इडुन : काय झालं? कशी लागतेय?

ओडलाउग : खारट. आपण घालतो ते मीठ नाही हे. खाडीचं पाणी आहे.

इडुन : खाडीच्या पाण्यात असतात ते क्षार. कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं. बेतानं घातलं तर आकडा खाली येतो.

ओडलाउग : हे तू शिकवलंस त्याला?

इडुन : त्यानंच मला सांगितलं होतं. एकदा असंच, गमतीत. म्हणाला, डबा संपला तर घाबरू नकोस, खाडी आहेच की.

ओडलाउग : कार्टा! स्वतःच्या मयताची बियर सुधारून गेला.

इडुन : मी ओतून टाकते ही. मला भीती वाटतेय.

ओडलाउग : खबरदार! ओतून टाकते म्हणे. तुला कळत कसं नाही, पोरी? मी त्याला धरून बसले होते. म्हटलं, येतोय तर येऊ दे, ओला तर ओला. पण त्याला राहायचं असतं तर ही बियर बिघडवून गेला असता. सुधारली, म्हणजे त्याला जायचंय. गाळायला घे. आणि ती काडी नीट पुसून ठेव फळीवर. त्याची आहे.

(रस गाळून कोमट होईपर्यंत बाहेर अंधारतं. इडुननं विरजण वाळवून ठेवलेलं लाकडी कडं पिपावर धरलं आहे. ओडलाउग चुलीकडे तोंड करून बसली आहे.)

इडुन : सोडू, आई?

ओडलाउग : सोड.

इडुन : सोडलं. आता नाव… मोठ्यानं घ्यायचं असतं ना? हालवार्डच्या वडिलांच्या वेळी पैलतीरावरून इथवर ऐकू आलं होतं.

ओडलाउग : लांब गेलेल्याला ओरडून सांगावं लागतं. हा माझ्या खुर्चीमागे उभा आहे. कोट टपकतोय त्याचा. तुला ऐकू येत नाही?

इडुन : येतंय.

ओडलाउग : मग गप्प राहा जरा… आर्नफिन. मी मागे वळणार नाही रे. तुझं तोंड बघितलं तर माझ्याच्यानं हे बोलवणार नाही. पाणी बरोबर झालंय. बियर चांगली होईल. तू मेलायस, बाळा. आता हिला झोपू दे. जा तू, आणि जाताना दार ओढून घे.